पदवी तीच, शिष्यवृत्ती मात्र बंद

चिकपेटेत गलाईच्या धंद्यात आमची ही तिसरी पिढी. विटा-खानापूर भागातून आलेली आमच्यासारखी घरं इथल्या गल्ल्यांत भट्टी लावून बसली आहेत. त्यांची मुलं आता बारावीपुढे शिकतात, म्हणून माझ्या भाचीचं काय झालं ते सांगतो.

बारावीच्या गुणांवर तिला केंद्र सरकारची कॉलेज शिष्यवृत्ती मिळाली. आपल्या बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी ती असते. पदवीला वर्षाला १२,००० रुपये, थेट खात्यात. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचे आले. दुसऱ्या वर्षी दाजींना अर्धांगवायू झाला आणि दुकानात बसायला माणूस उरला नाही. एका प्रवेश-सल्लागारानं सुचवलं, "रेग्युलर सोडून डिस्टन्सला नाव घाला. आता दोन्ही पदव्या सारख्याच."

पदवीपुरतं ते खरं होतं. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, असं यूजीसीनं सप्टेंबर २०२२मध्ये स्पष्ट केलंच आहे. पण ही शिष्यवृत्ती फक्त नियमित अभ्यासक्रमाला आहे, पत्राद्वारे किंवा दूरस्थ शिकणाऱ्याला नाही. पोरीनं नाव बदललं आणि पुढचे हप्ते बंद झाले. गुण तेच, घरची अडचण उलट वाढलेली. तरी नियमानं ती अपात्र. मला हे आजही अन्यायाचं वाटतं. ज्या घराला मदतीची खरी गरज पडते, तिथलीच पोरं रेग्युलर सोडतात.

अमेरिकेत पेल ग्रँट नावाची सरकारी मदत आहे. तिथं पदवीला साधारणपणे सत्राला १२ क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ. विषय कमी घेतले तर रक्कम त्या प्रमाणात घटते. आपल्याकडे या योजनेत अशी पायरी नाही.

नाव न बदलताही मदत जाऊ शकते. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि त्याला किमान ५० टक्के गुण व ७५ टक्के हजेरी लागते. आपल्या धंद्यात अक्षय्य तृतीया आणि वरमहालक्ष्मीच्या आधी जुनं सोनं गाळायला येतं, तेव्हा पोरांना हमखास दुकानात बसवलं जातं. त्या दिवसांची हजेरी आधी मोजा.

दुकान सांभाळणं भागच असेल तर नाव काढण्याआधी संध्याकाळच्या कॉलेजात विचारा. तिथला प्रवेश नियमित म्हणून नोंदला जातो का, हे लेखी घ्या. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर योजनेची मार्गदर्शक तत्त्वं असतात, ती सल्लागाराला विचारण्याआधी स्वतः वाचा. शैक्षणिक कर्जावर व्याजमाफी घेतली असेल तर आणखी जपा. केंद्राच्या त्या योजनेत शिक्षण मध्येच सोडलं की सवलत जाते. आजारपणाचा अपवाद आहे, पण त्यासाठी संस्थाप्रमुखांना पटतील अशी कागदपत्रं द्यावी लागतात.