मधपेट्या भाड्याने देऊ पाहणाऱ्या पुतण्यास



जालना-बुलढाणा भागांतील कांदा-बीजोत्पादकांच्या शेतांवर यंदा आपल्या मेलिफेरा मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने ठेवण्याचा तुझा मनोदय वाचून समाधान वाटले. तथापि व्यवहार ठरण्यापूर्वी काही गोष्टी तुझ्या कानावर घालणे मी माझे कर्तव्य समजतो.

कांद्याच्या गोंड्यातील प्रत्येक फुलाचे पुंकेसर आधी पक्व होतात आणि त्यांचा पराग झडून गेल्यानंतर स्त्रीकेसर फलनक्षम होतो. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर पोहोचविणारा कोणी नसेल, तर गोंडा कितीही डौलदार दिसला तरी त्यात बी मोजकेच भरते. त्यातच कांद्याच्या मकरंदात पालाशाचे प्रमाण मोठे असल्याने माशीला तो फारसा रुचत नाही, आणि शेजारी मोहरी किंवा धने फुलले असले की ती तिकडेच वळते. म्हणून शेतकऱ्याने कितीही घाई केली तरी साधारण दहा टक्के फुले उमलल्याखेरीज पेट्या नेऊ नकोस. आधी नेल्यास माशा परक्या फुलोऱ्याला सरावतात. नेताना सर्व माशा परतल्यावर दाराला जाळी लावून रात्रीतच प्रवास उरकावा, पेटीचे तोंड पूर्वेकडे करावे, जवळ स्वच्छ पाणी ठेवावे, आणि एकदा मांडलेली पेटी कोणाच्या सांगण्यावरून शेतातल्या शेतात दोनशे पावलेही सरकवू नये. कारण चरायला गेलेली माशी जुन्याच जागी परतते आणि आपले घर तेथे न दिसल्याने भरकटते.

भाडे पेटीवर ठरते, पण काम पेटीतील वसाहत करते, हे कधी विसरू नकोस. मधाने जड झालेली पेटी बळकट असतेच असे नाही. झाकण उघडल्यावर चौकटींवर माशांची दाट गर्दी दिसली पाहिजे आणि मधल्या पोळ्यांत उघड्या अळ्या असल्या पाहिजेत, कारण मुख्यतः अळ्यांच्या पोषणासाठी माशा पराग गोळा करतात. सकाळच्या उन्हात दाराशी क्षणभर बसून पाहा. मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन परतणाऱ्या माशांची रीघ लागली असेल, तर ती पेटी भाड्यास लायक समजावी. दुर्बळ पेट्या मोजणीत घुसवून भाडे वसूल करणे ही उघड लबाडी आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट फवारणीची. कांद्यावर फुलकिडे पडतात आणि शेतकरी औषधाला हात घालतो, यात त्याचा दोष नाही. परंतु सोंड बाहेर काढून दाराशी मरून पडलेल्या माशांचा सडा ज्याने एकदा पाहिला, तो या बाबतीत तोंडी भरवशावर विसंबत नाही. इसार घेण्यापूर्वी करारनामा लिहून घे: फुलोऱ्याच्या मुदतीत कीटकनाशक मारावयाचे नाही, आणि अगदीच नाइलाज झाला तर किमान दोन दिवस आधी वर्दी द्यावयाची, म्हणजे पेट्या वेळीच हलविता येतील. परंतु केवळ तेवढ्याने भागत नाही. करारनामा एका गटापुरता बंधनकारक असतो, आणि माशी दोन-तीन किलोमीटरपर्यंत चरते. तिला बांध ठाऊक नाहीत. म्हणून पेट्या मांडण्यापूर्वी आसपासच्या खातेदारांना स्वतः भेटून, त्यांच्या पिकांनाही या माशांचा लाभ कसा होईल ते नम्रपणे समजावून सांग आणि त्यांचीही संमती मिळव.

या व्यवहारात भाडे देणारा आणि घेणारा यांच्याच सह्या होतात. ज्यांच्या श्रमावर तो उभा आहे, त्या जिवांना सही नाही, तक्रार नाही, दाद मागण्याची सोय नाही. त्यांचा हक्क तूच सांभाळावयाचा आहेस. फवारणीची अट कोणी अमान्य केली, तर भाडे दुप्पट मिळत असले तरी नम्रपणे नकार दे. बुडालेले भाडे पुढच्या हंगामात भरून निघेल, मात्र उजाड झालेली वसाहत पुन्हा नावारूपास आणण्यास कष्ट आणि काळ दोन्ही लागतात. करारनाम्याचा मसुदा तयार होताच मला पाठव. मी तो वाचून दुरुस्त्या सुचवीन.

तुझा शुभचिंतक,
काका