सलाला : खरीफ आणि लोबान

‘खरीप’ हा शब्द आपल्याला शेतीच्या हंगामामुळे परिचित आहे. तो मूळचा अरबी असून त्याचा अर्थ शरद ऋतू असा होतो. ओमानच्या दक्षिणेकडील धोफार प्रांतात मात्र ‘खरीफ’ म्हणजे पावसाळा. जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारे या किनाऱ्याला स्पर्श करतात. अरबस्तानाचा बहुतेक भाग उन्हाने होरपळत असताना सलाला शहरामागील डोंगर हिरवे होतात. आखाती देशांतील हजारो कुटुंबे या दिवसांत येथे येतात, ती वादी दरबातचे धबधबे आणि डोंगरातील धुके पाहण्यासाठी. कोकणातील माणूस ज्या झिमझिमीला पाऊसही म्हणणार नाही, तिच्यासाठी हा एवढा प्रवास!

सलालाचे आजचे पर्यटन असे पावसावर उभे आहे. त्याची प्राचीन समृद्धी मात्र पाऊस न पोहोचणाऱ्या भूमीतून आली, ही बाब येथे विशेष लक्षात घ्यावी. लोबानाचे झाड प्रामुख्याने डोंगरापलीकडच्या कोरड्या पठारावर वाढते. आपल्या सातपुड्यातील सालई ही त्याची जवळची नातलग. खोडाची साल खरवडली की चीक पाझरतो आणि सुकून त्याचे खडे होतात. हे खडे खोर रोरी येथील सुमहुरम बंदरातून जहाजांवर चढत. खरिफात समुद्र खवळलेला असल्याने जहाजांना वारा निवळण्याची वाट पाहावी लागे. सुमहुरमच्या उत्खननात भारतीय घडणीची एक कांस्य स्त्रीमूर्ती सापडली, त्यावरून या व्यापाराची दिशा कळते. पुढे अल-बलीद, म्हणजे मध्ययुगीन जफार, हे बंदर भरभराटीला आले. चौदाव्या शतकात तेथे आलेल्या इब्न बतूताने येथून भारतात घोडे जात असल्याचे नोंदवले आहे. या दोन्ही स्थळांसह वादी दौका व शिसर यांचा इ. स. २००० मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

आता पुन्हा डोंगराकडे वळू. तेथील वनाला मिळणारे बरेचसे पाणी आकाशातून थेट पडत नाही. पाने धुक्यातील ओलावा टिपतात आणि तो थेंबाथेंबाने मुळांशी गळतो. झाड गेले की त्या जागी पोहोचणारे पाणीही घटते, मग नवे रोप तग धरणे कठीण होते. उंट आणि गुरे यांची वाढती चराई म्हणूनच येथे चिंतेचा विषय आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न : सलालाच्या इतिहासात पावसाचे आणि कोरड्या पठाराचे स्थान स्पष्ट करा.