अ‍ॅक्वेरियमसाठी स्वस्त एलईडी: नेमके काय पाहायचे?

अंगण नसलेल्या घरात पाणवनस्पतींची काचेची टाकी हीच आपली बाग. तिच्यासाठी ऑनलाइन दिवा शोधलात की प्रत्येक खोक्यावर तीन आकडे दिसतात: वॅट, ल्युमेन आणि केल्व्हिन. रोपे जगतील की शेवाळ माजेल, हे या तिन्हींवरून नीट कळत नाही. का ते पाहू.

तीन आकडे काय सांगतात?

वॅट म्हणजे दिवा खातो ती वीज. २० वॅटचा दिवा रोज ८ तास लावला तर वर्षाला सुमारे ५८ युनिट जळतात. त्यातल्या किती विजेचा प्रकाश होतो, हे दिव्यागणिक बदलते.

ल्युमेन हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेले आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो, म्हणून लाल आणि निळा प्रकाश ल्युमेनमध्ये फारच कमी धरला जातो.

केल्व्हिन फक्त रंगछटा सांगतो. '६५०० केल्व्हिन' लिहिलेल्या दोन दिव्यांचे वर्णपट वेगळे असू शकतात.

रोपाला काय हवे?

प्रकाशसंश्लेषण ४०० ते ७०० नॅनोमीटरमधल्या फोटॉनांवर चालते. दर सेकंदाला दर चौरस मीटरवर असे किती मायक्रोमोल फोटॉन पडतात, तो आकडा महत्त्वाचा. हौशी मंडळी त्याला 'पार' म्हणतात. हिरवा प्रकाश पानांना निरुपयोगी असतो, हा समज चुकीचा आहे; मॅक्री यांनी १९७२ मध्ये पिकांच्या पानांवर केलेल्या मोजमापांत तोही वापरला जातो असे दिसले. त्यामुळे साधा पांढरा एलईडीही चालतो.

घरच्या घरी तुलना

पारमापक महाग असतो. त्याऐवजी फोनवर लक्स मोजणारे अ‍ॅप घ्या. टाकी रिकामी व कोरडी असताना फोन तळाशी, स्क्रीन वर करून ठेवा. मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत मोजा. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७० ने भागले की पारचा ढोबळ अंदाज मिळतो. २१०० लक्स म्हणजे सुमारे ३०, ३५०० म्हणजे ५०.

लाल-हिरवे-निळे चिप असलेल्या दिव्याला हा भागाकार लागू पडत नाही. तेवढ्याच लक्सला तो सहसा जास्त फोटॉन देतो. फोनागणिक आकडे बदलतात, म्हणून सगळे दिवे एकाच फोनने तपासा.

किती पुरे?

- १५ ते ३०: अ‍ॅन्युबियस, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन. (सह्याद्रीच्या ओढ्यांतही क्रिप्टोकोरीनची एक जात वाढते.)
- ३० ते ५०: बहुतेक खोडवाली रोपे.
- ५० च्या वर: लालसर व गालिच्यासारखी पसरणारी रोपे. इथे कार्बन डायऑक्साइड बाहेरून द्यावा लागतो.

प्रकाश वाढला की रोपाची कार्बन आणि खताची भूकही वाढते. ती भागली नाही तर रोप थांबते आणि शेवाळाचे फावते. म्हणून 'जास्त उजेड तितका बरा' हे गणित इथे चालत नाही.

खरेदी करताना

प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय असलेला दिवा घ्या. ती नसेल तर दिवा उंच टांगूनही प्रकाश कमी करता येतो. उष्णता बाहेर टाकणारी अ‍ॅल्युमिनियमची बॉडी असावी, कारण तापलेला एलईडी मंदावतो आणि लवकर म्हातारा होतो. वायरचा झोल सॉकेटच्या खाली सोडा, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही. सुरुवात रोज ६ तासांनी करा आणि नवी पाने नीट फुटू लागल्यावरच वेळ वाढवा.