वार नको, तिथी बघा

घरीच शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना एक मोठी सोय असते, ती म्हणजे मंगळवार. किंवा बुधवार, किंवा आठवड्यातला कुठलाही मधला वार. तरीही होमस्कूलिंग करणारी कितीतरी कुटुंबं शनिवार-रविवारीच बाहेर पडतात आणि लोहगडाच्या पायऱ्यांवर रांगेत उभी राहतात. आम्ही दोन कुटुंबांनी या वेळी वार सोडला आणि तिथी धरली. वद्य द्वितीया, अलिबाग, कुलाबा किल्ला. निघालो होतो किल्ला बघायला. किल्ल्यात जेमतेम अर्धा तास गेला, बाकीची सकाळ बाहेरच्या खडकांवर. मुलांना घेऊन केलेल्या भटकंतीत इतकं हाती लागल्याचं मला आठवत नाही, म्हणून हे सविस्तर.

पोचायचं कसं? मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत रो-रो, पुण्याहून खोपोली-पेण रस्ता. मुक्काम आदल्या रात्री अलिबागलाच करा, कारण सूर्योदयाला किनाऱ्यावर असायचंय.

आता तिथीचं. किल्ला समुद्रात आहे, चालत जायचं तर ओहोटीच गाठावी लागते. कोकणात एक जुना हिशेब चालतो: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. द्वितीया म्हणजे दोनाची पाऊणपट दीड, तेव्हा भरती दुपारी दीडच्या सुमारास. त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वासात. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायला लागायचं. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते, कारण चंद्रही तितकाच मागे पडतो. आमच्यातल्या मोठ्या मुलाने आदल्या रात्री पुढच्या पंधरा दिवसांचा तक्ता मांडला. अपूर्णांक शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी येते, पण ती भांगाची असते. पाणी फारसं मागे जातच नाही. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. त्यामुळे मुलांना खडकांवर न्यायचं तर द्वितीया-तृतीया सर्वांत उत्तम: पाणी खूप मागे गेलेलं आणि वेळ सकाळी सात ते साडेआठच्या आसपास. हा हिशेब मात्र अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. निघण्याआधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक बघायलाच हवं.

आम्ही सहा वाजता किनाऱ्यावर उतरलो आणि मागे सरणाऱ्या पाण्याच्या मागोमाग चालत गेलो. ओल्या वाळूवर वाळूखेकड्यांनी पेरलेल्या बारीक गोळ्यांची रांगोळी पसरली होती. धाकटीला तिथून हलवणं कठीण झालं. प्रत्येक भोकाभोवती गोळ्या का, याचं उत्तर तिने स्वतः पालथं झोपून शोधलं. खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाणं चाळतो आणि उरलेली गोळी बाजूला टाकतो.

किल्ल्याजवळच्या खडकांवर कालवं काढायला आलेल्या एक मावशी भेटल्या. टोपली, छोटं लोखंडी हत्यार आणि प्रचंड वेग. मुलं त्यांच्या मागे मागे फिरू लागली. माझ्या लेकीने एक दगड उलटला. खालून खेकड्याची पिल्लं पळाली, दगडाला चिकटलेलं नारिंगी काहीतरी ओलं चमकलं. मावशी तिथूनच ओरडल्या, "वरची बाजू वरच ठेव बाय, नायतर सगली मरतील!" दगडाच्या खालच्या बाजूला जे राहतं त्याला सावली आणि ओल लागते, उलटा राहिला तर उन्हात तासाभरात सगळं संपतं. पुढची सगळी सकाळ मुलं एकमेकांवर याच नियमाचा पहारा करत होती.

डबक्यांत मग काय काय सापडलं! स्पर्श होताच मिटणारं समुद्रफूल, रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे, चिखलातून उड्या मारत जाणाऱ्या निवट्या. खडकावर पांढरे खरखरीत ठिपके दिसतात ते बार्नेकल. कोरड्यात दार लावून बसलेले असतात. पाण्याखालच्या एका दगडावर मुलांनी त्यांची दारं उघडताना आणि पिसांसारखे पाय बाहेर काढून अन्न ओढताना पाहिलं. डार्विनने या प्राण्यावर आठ वर्षं घालवली होती, हे मुलांना तिथेच सांगितलं. त्यांना त्याचं नवल वाटलं नाही.

किल्ला थोडक्यात: शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात काम सुरू झालं, संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं, पुढे कान्होजी आंग्र्यांचं आरमारी ठाणं. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले आणि हात हलवत परत गेले. बघायलाच हवा तो तट. प्रचंड दगड चुन्याशिवाय रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. मुलांना फटींत हात घालू द्या.

परतताना पूर्ण ओहोटीनंतर तासाभरात किनारा गाठायचा, यात सवलत नाही. का, ते आम्ही काठीने बघितलं. किनाऱ्यावर पाण्याच्या कडेशी काठी रोवून दर पाव तासाला नवी खूण केली. पहिल्या तासात पाणी जेमतेम सरकलं. तिसऱ्या तासात मुलांना खुणा करायला पळावं लागलं. सहा तासांतल्या चढाचे बारा हिस्से धरले, तर ढोबळमानाने एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे वाटले जातात. सुरुवातीच्या संथ पाण्यावर विसंबून लोक किल्ल्यातच रेंगाळतात आणि मधली वाट भरून जाते.

पायात पट्ट्यांचे बंद बूट हवेत, कालवांच्या कडा तळवा चिरतात. उथळ पाण्यात पाय घासत चाला; वाळूत पाकट दडलेली असू शकते. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख कितीही सुंदर दिसला तरी उचलायचा नाही, आतल्या गोगलगायीचा डंख विषारी असतो. जिवंत काहीही घरी न्यायचं नाही. फोटो काढा आणि नाव घरी येऊन शोधा. 2017 पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई हा गट मुंबईच्या किनाऱ्यांवर लोकांना असंच फिरवतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एखादी फेरी त्यांच्याबरोबर करावी.

समुद्रकिनारा म्हणजे काही खरी भटकंती नव्हे, असं म्हणणारे आमच्याच ट्रेकिंगच्या मंडळींत पुष्कळ आहेत. एका डबक्यापाशी तासभर बसता येणं मी कुठल्याही कातळचढाईइतकं मोलाचं मानते. रविवारी याच वाळूवर टांगे, चारचाकी मोटारबाइक आणि वेफर्सची पाकिटं असतात, आणि तटाच्या फटीत निर्माल्याच्या प्लॅस्टिक पिशव्या. आमच्या मुलांनी एक गोणी भरली, तरी उरलंच. तुम्ही जाल तेव्हा एक गोणी न्या. दोन-तीन कुटुंबांपेक्षा जास्त जमवू नका, डबक्याभोवती दहा जण उभे राहिले की खेकडा बाहेर येत नाही. आणि जून ते सप्टेंबर हा बेत पूर्ण बंद ठेवा. ऑक्टोबर ते मे, पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यावरची द्वितीया-तृतीया धरा.