कोलोकेशनचं कोटेशन आलंय ना? मग हे वाच

पहिल्या पानावरचं भाडं बघत बसू नकोस, आधी विजेची ओळ शोध. किती केव्हीए पक्के धरलेत, ते वापरले नाहीत तरी पैसे द्यायचे का, की मीटर लावून वापराइतकंच बिल येणार, हे लेखी मागव. एक ‘यू’ म्हणजे पावणेदोन इंच उंचीचा खण, आणि रॅकमध्ये असे 42. खण स्वस्त असतो. पण त्यात 300 वॅटचा सर्व्हर दिवसरात्र चालला की महिन्याला 216 युनिटं तो एकटा खातो. त्याला गार ठेवायची वीज आणखी वेगळी, आणि ती बिलात दिसो न दिसो, जाते तुझ्याच खिशातून.

आता मुळात व्यवहार काय आहे ते. आपल्या तासगावकडे बेदाणा शीतगृहात ठेवतात. जागा, गारवा, राखण शीतगृहवाल्याची. माल शेतकऱ्याचा, आणि तो मुळातच कच्चा असेल तर तोटाही शेतकऱ्याचाच. इथेही तेच. वीज, एसी, जनरेटर, पहारा डेटा सेंटरवाल्यांचा. सर्व्हर विकत घ्यायचा तू, डिस्क गेली तर बदलायची तू, अपडेट तू करायचे आणि कुणी घुसलं तर निस्तरायचंही तूच. ‘टियर थ्री, 99.982 टक्के’ असं सेल्सवाला घोळवून सांगेल. त्याचा हिशोब वर्षाला सुमारे दीड तासाचा खोळंबा असा होतो, पण तो त्यांच्या विजेचा आणि एसीचा. तुझा मदरबोर्ड मेला तर तो त्या टक्क्यांत बसत नाही.

तुझं काम पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरचं. मार्चअखेर सोडली तर वर्षभर लोड जवळपास सारखाच, आणि डेटा वाढतच जाणार. असं काम कोलोकेशनला मानवतं. दिवाळीच्या सेलला दहापट गर्दी आणि मग शुकशुकाट, असा धंदा असता तर मी म्हटलं असतं, गप क्लाऊडवर राहा. बेसकँपवाल्या थर्टीसेव्हन सिग्नल्सचं उदाहरण तुला जो तो ऐकवेल. 2022 साली क्लाऊडवर 32 लाख डॉलर गेले, मग त्यांनी डेलचे सर्व्हर घेऊन रॅकमध्ये बसवले आणि पैसे वाचवले. खरं आहे ते. फक्त त्यांच्याकडे यंत्रं सांभाळणारी टीम आधीपासून होती, हे सांगायचं लोक विसरतात. तुझ्याकडे रात्री अडीचला फोन उचलणारं कोण आहे? तू एकटाच असशील तर क्लाऊडवरचे सध्याचे व्हीपीएस बरे आहेत. आणि हिशोब मांडताना एक सर्व्हर धरू नकोस. दोन धर, शिवाय स्विच, फायरवॉल आणि जादा डिस्क. हा खर्च पाच वर्षांवर पसरून क्लाऊडच्या बिलाशेजारी ठेव. घसाऱ्याचं आणि जीएसटीचं सीएला विचार, तो भाग सोपा आहे.

अंतराचं मात्र नीट ऐक. सांगलीहून नवी मुंबईत महाप्याचं डेटा सेंटर गाठेपर्यंत रात्र सरते. म्हणून तिथल्या माणसांकडून काम करून घ्यायचं, त्याला ते रिमोट हँड्स म्हणतात. तासाचा दर काय, रात्रीचा वेगळा का, हे आधीच ठरव. आयड्रॅक किंवा आयएलओचं पूर्ण लायसन्स घेच. सर्व्हर बंद पडला तरी घरून त्याची स्क्रीन दिसते. जादा डिस्क तिथेच ठेवून दे. आणि प्रत्येक डिस्कच्या खणावर नंबर चिकटव. एका ओळखीच्यांकडे रेड फाइव्हमधली एक डिस्क गेली होती. तिथल्या पोरानं पिवळा दिवा लागलेली सोडून शेजारची चालू डिस्क ओढली. झालं, सगळा ॲरे बसला.

जागा बघायला जाशील तेव्हा सर्व्हरच्या दोन्ही पॉवर केबल खरोखर वेगवेगळ्या फीडवर जातात का ते बघ. चालू करण्याआधी एक केबल ओढायला लाव, मग दुसरी. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची लाईट गेली, त्या दिवशी तुमच्याकडे काय झालं, असं सरळ विचार. डिझेल किती तास पुरतं तेही. जनरेटर आणि यूपीएस तळघरात असतील तर मी दुसरीकडे बघेन. 2005 च्या 26 जुलैला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला होता.

बँडविड्थ पंच्याण्णव पर्सेंटाइलवर असेल तर दर पाच मिनिटांची नोंद घेतात आणि वरची पाच टक्के सोडून देतात. महिन्याचे साधारण 36 तास झाले ते. तुझा बॅकअप रोज रात्री दोन तास बाहेर जात असेल तर महिन्याचे 60 तास होतात, म्हणजे बिल बॅकअपच्या वेगानं लागणार. त्याचा वेग आधीच बांधून टाक. आणि बॅकअप त्याच आवारात नको. मार्च 2021 मध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचची अख्खी इमारत जळाली, तेव्हा काहींचे बॅकअपही तिथेच गेले. हैदराबादला ठेव, चेन्नईला ठेव.

सही करण्याआधी करारातलं बाहेर पडायचं कलम वाच. यंत्र बाहेर काढायला गेटपास लागतो, आणि थकबाकीचा वाद असेल तर तुझाच सर्व्हर आत अडकून राहतो. नूतनीकरणाला भाडं किती टक्के वाढणार आणि विजेचा दर वाढला तर ते कसा लावणार, हे आकड्यांत लिहून घे. ‘प्रचलित दराने’ हे शब्द दिसले तर तिथे पेन थांबव आणि मला फोन कर.