सोनू, एकटी उतरू नकोस

तेलीबांधा, रायपूर



नागपूरच्या मामींचा काल फोन आला. तू पहाटे, सर यायच्या आत, एकटीच पूलमध्ये उतरतेस आणि श्वास कोंडून पाण्याखालून लांब लांब जातेस, असं त्यांच्या कानावर आलंय. खरं असेल तर आजच्या आज बंद कर. खोटं असेल तरी पत्र शेवटपर्यंत वाच.

स्पर्धेत बाद झालीस त्याचं मला काही नाही. टर्ननंतर दोन डॉल्फिन किक मारल्यास; ब्रेस्टस्ट्रोकच्या नियमात एकच बसते, आणि तीही २००५ पासून. आदल्या वर्षी अथेन्स ऑलिम्पिकला जपानच्या किताजिमाच्या किकवरून केवढा वाद झाला होता! पण बाद झाल्यावर तू दम वाढवायच्या मागे लागलीस, ते चुकलं. दादाने पाठवलेला व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. भिंत सोडतेस छान, हात मांड्यांपर्यंत ओढतेस तेही छान. पण हात पुढे जाताना अजून हनुवटीखाली असतात, तोच पाय सुटतात. हात ताणले जाऊ देत, मग किक मार. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मुख्य जोर पायांचा, आणि तुझी निम्मी किक वाया जाते आहे. सेकंद तिथे गेलेत गं, श्वासात नाही.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये जपानचा फुरुकावा सुरुवातीच्या फेऱ्या बहुतेक पाण्याखालूनच पोहला आणि २०० मीटरचं सुवर्ण घेऊन गेला. पुढे नियमानेच ते बंद केलं. आता स्टार्ट आणि टर्ननंतर पाण्याखाली हातांचा एकच स्ट्रोक. मग एवढा दम कोंडून करायचंय काय?

जन्मभर जीवशास्त्र शिकवलं म्हणून सांगते. उतरण्याआधी भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः त्याच्यामुळे. मग ऑक्सिजन संपत आला तरी जीव घाबरा होत नाही, आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो. चांगले पोहणारेही यात गेलेत. काठावर कोणी नसेल तर कळणार कोणाला?

तुझ्या वयात माझं पोहणं सुटलं. मुलगी मोठी झाली, आता पुरे, असं आजोबा म्हणाले. मी गप्प बसले. अजून संध्याकाळी इथल्या तलावाकाठी फिरायला गेले की हात शिवशिवतात. तेव्हा तुझं पोहणं थांबावं असं मला कधी वाटेल का?

फार बोलले, मनाला लावून घेऊ नकोस. त्या दिवशी रडलीस ते वहिनीने सांगितलं, माझ्याही घशाखाली घास उतरला नाही. दादाला यातलं काही बोललेले नाही. सरांना मात्र तू स्वतः सांग. रागावतील, रागावू देत.

रात्री फोन कर. एकटी पाण्यात उतरणार नाही, एवढं तुझ्या तोंडून ऐकू दे.

तुझी,
आत्या