दिव्यांगांचा व्यायाम आणि गावाचे कर्तव्य

कार्ल्याची लेणी आणि एकवीरा देवीचे मंदिर गाठावयाचे तर डोंगराच्या शेकडो पायऱ्या चढाव्या लागतात. यात्रेत आबालवृद्ध त्या चढतात. पायांनी अधू असलेला मनुष्य मात्र पायथ्याशीच थांबतो. कोणत्याही गावच्या शाळेत कवायतीच्या तासाला याचीच पुनरावृत्ती होते. "तू सावलीत बस," असे शिक्षक एखाद्या मुलाला मायेने सांगतात. हे सांगण्यात दया असते, परंतु तिचे परिणाम त्या मुलाला जन्मभर भोगावे लागतात.

हालचाल थांबली की स्नायू कृश होतात, सांधे आखडतात, हाडे ठिसूळ होतात आणि वजन वाढते. एकाच जागी बसून राहिल्याने कातडीवर दाबाच्या जखमा होतात. चाकाच्या खुर्चीवरून खाटेवर जाण्यास दंडात व खांद्यांत बळ लागते. ते नसेल तर प्रत्येक वेळी दुसऱ्याची वाट पाहावी लागते. म्हणून दिव्यांग व्यक्तीच्या दृष्टीने व्यायाम हा स्वावलंबनाचा पाया होय.

संशोधनाने काय दाखविले?

एके काळी पाठीच्या कण्याला इजा झालेले रुग्ण बहुधा अंथरुणातच जंतुसंसर्गाने दगावत. इंग्लंडमधील स्टोक मॅंडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून खेळांना उपचारांचे अंग बनविले. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी १६ जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पुढे १९६० मध्ये रोम येथे झालेल्या पहिल्या पॅरालिंपिक स्पर्धांचा उगम याच प्रयोगात आहे.

महाराष्ट्राला याचे उदाहरण दूर शोधावयास नको. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात ते गोळ्यांनी गंभीर जखमी झाले. त्यानंतर ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्त शैलीत त्यांनी भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ मध्ये अर्धांगवायूग्रस्त जवानांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू झाले.

व्यायामाचा परिणाम मोजून पाहण्याची परंपरा मावळातही आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि यौगिक क्रियांचा अभ्यास क्ष-किरण व दाबमापनाच्या साहाय्याने केला. कोणता व्यायाम कोणास मानवतो, हे श्रद्धेवर न सोडता तपासून ठरवावे, हा धडा येथेही उपयोगी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांगांचा स्वतंत्र विचार केला. प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत; ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे हालचाल करावी, असे त्यात म्हटले आहे. एवढे जमत नसेल तर थोड्यापासून आरंभ करावा. थोडी हालचालही अजिबात नसण्यापेक्षा हितकारक असते.

शाळा व ग्रामपंचायत काय करू शकतील?

यासाठी फार खर्च लागत नाही. दृष्टिहीन मुलांना आत छरे घातलेला, वाजणारा चेंडू द्यावा. कर्णबधिर मुलांसाठी शिट्टीऐवजी निशाण वापरावे. खुर्चीवरील मुलांना गोळाफेक, चेंडूफेक व रबरी पट्टा ताणण्याचे व्यायाम द्यावेत. मतिमंदत्व असलेल्या मुलांना एका वेळी एकच कृती करून दाखवावी. मावळात पावसाळ्याचे चार महिने मैदान निरुपयोगी असते. तेव्हा शाळेचा व्हरांडा किंवा समाजमंदिर उपयोगात आणावे. तेथे चाकाची खुर्ची जावी म्हणून प्रत्येक फूट उंचीस किमान बारा फूट लांबीचा उतार बांधावा.

सावधगिरीही आवश्यक आहे. प्रारंभी वैद्यकीय सल्ला घ्यावा. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्यांना घाम नीट येत नाही. त्यांना उन्हात श्रम देऊ नयेत. बधिर भागावरील कातडी रोज तपासावी. पोलिओ होऊन गेलेल्यांना थकवा येईपर्यंत ताणू नये. फेफरे येणाऱ्या मुलास पाण्यात एकटे सोडू नये.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने २१ प्रकारच्या दिव्यांगतांना मान्यता दिली असून क्रीडेतील सहभागही त्याच्या कक्षेत आणला आहे. राज्यात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी राखावयाचा असतो. तो बहुधा साहित्यवाटपात संपतो. त्यातील काही भाग उतार, वाजणारे चेंडू आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी वापरता येईल का, हा प्रश्न पुढील ग्रामसभेत अवश्य मांडावा. त्या सभेला गावातील दिव्यांगांना बोलवावे आणि काय हवे ते प्रथम त्यांनाच विचारावे. सावलीत बसविलेला मुलगा मैदानावर येईल, तो दिवस गावाच्या विकासाच्या नोंदीत लिहून ठेवण्यासारखा असेल.